गाडीला ठाऊक नसतं, आत कोण बसलंय

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर नववीतल्या एका मुलीचा फोन आला होता. घरी भावाबरोबर टीव्हीवर मोटारींची शर्यत पाहिली होती तिने. प्रश्न अगदी सरळ विचारला, "ताई, त्या शर्यतीत एकही मुलगी का नसते? मुलींना घ्यायचं नाही, असा नियम आहे का?"

त्या वेळी मी एवढंच सांगितलं की असा नियम नाही. पण नियम नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न येतोच, की मग मुली दिसत का नाहीत? आज त्याच प्रश्नावर बोलू. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव जेमी चॅडविक. जन्म १९९८ चा, इंग्लंडचा. तिच्या गोष्टीतला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या देशात, चेन्नईत घडला आहे.

आधी या गाड्यांविषयी थोडं. आपण रस्त्यावर पाहतो त्या मोटारीची चाकं पत्र्याच्या आत झाकलेली असतात. या शर्यतीच्या गाडीची चारही चाकं अंगाबाहेर, उघडी असतात. वर छप्पर नाही, आत एकच माणूस बसेल एवढी जागा. ड्रायव्हर जवळजवळ आडवा होऊन बसतो, पाय पुढे लांब, डोकं तेवढं वर. गाडी हलकी, जमिनीला चिकटून धावणारी. पण चाकं उघडी असल्यामुळे धोकाही वेगळा. दोन गाड्यांची चाकं एकमेकांना लागली, तर एक चाक दुसऱ्यावर चढतं आणि गाडी उडते. म्हणून शेजारून जाताना वीतभर अंतराचाही हिशोब ठेवावा लागतो.

या गाड्यांची सगळ्यांत वरची शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. पण तिथे थेट कुणी जात नाही. शाळेत जसे इयत्तांवर वर्ग असतात, तशा इथेही पायऱ्या आहेत. सात-आठ वर्षांचं मूल कार्टिंगपासून सुरुवात करतं. कार्ट म्हणजे स्प्रिंगसुद्धा नसलेली छोटी चारचाकी, जमिनीपासून चार बोटं वर. पंधरा-सोळाव्या वर्षी फॉर्म्युला फोर. मग प्रादेशिक पातळीवरच्या मालिका, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, आणि शेवटी फॉर्म्युला वन. प्रत्येक पायरीला गाडीची ताकद वाढते. आपल्या गावातल्या साध्या मोटारीत ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचं इंजिन असतं. फॉर्म्युला फोरमध्ये ते १८० च्या आसपास, फॉर्म्युला थ्रीमध्ये ३८०, आणि फॉर्म्युला टूमध्ये ६२०.

या पायऱ्या चढण्याचे गुण मिळतात. फॉर्म्युला वनची गाडी चालवायला खास परवाना लागतो. त्यासाठी साधारणपणे वय १८ पूर्ण हवं आणि तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. कोणत्या मालिकेत कितवा नंबर आला त्यावर गुण ठरतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात, तर एकाच वर्षात ४० च्या ४० गुण. फॉर्म्युला थ्री जिंकलात तर ३०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता जेमीकडे येऊ. तिचा मोठा भाऊ कार्टिंग करायचा. त्याच्या मागे मागे ही गेली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. या खेळात ही सुरुवात उशिराचीच. पुढे मोटारींच्या शर्यतीची एक शिष्यवृत्ती होती, तिची निवड चाचणी द्यायची होती. जेमी हॉकीही चांगली खेळायची. तिने हॉकी बाजूला ठेवून गाडी निवडली. २०१५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती जोडीदार ड्रायव्हरबरोबर ब्रिटिश जीटी स्पर्धेत जीटी-फोर गटाची विजेती झाली. तो किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. मात्र त्या छप्पर असलेल्या, झाकलेल्या चाकांच्या गाड्या होत्या. उघड्या चाकांकडे ती वळली २०१७ मध्ये, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये.

पहिल्या वर्षी ती नववी आली, दुसऱ्या वर्षी आठवी. आठवा नंबर ऐकून कुणी टाळ्या वाजवत नाही. पण त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये ब्रँड्स हॅच नावाच्या ट्रॅकवर तिने एक शर्यत जिंकली. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. ती शर्यत उलट्या क्रमाची होती, म्हणजे वेगवान ड्रायव्हर मागे आणि मागचे पुढे, अशी सुरुवात. काही जण म्हणतील, मग त्यात काय मोठेपणा? पण मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाड्या येत असताना शेवटच्या फेरीपर्यंत चूक न करता पुढे राहणं, ही वेगळी परीक्षा असते. जाता जाता सांगते, त्या वर्षी त्याच मालिकेत आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिकही गाडी चालवत होता.

मग आलं चेन्नई. एमआरएफ ही आपल्याकडची टायर बनवणारी कंपनी. तिची एमआरएफ चॅलेंज नावाची उघड्या चाकांच्या गाड्यांची मालिका होती. हिवाळ्यात युरोपातले ट्रॅक थंडीने बंद असतात, तेव्हा तिकडची तरुण मुलं सरावासाठी इकडे येत. २०१८-१९ च्या मोसमात काही शर्यती आखाती देशांत झाल्या आणि शेवटचा टप्पा फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. तिथे वीस वर्षांच्या जेमीने किताब जिंकला. सगळ्या मुलांमध्ये, एकसारख्या गाड्यांवर. ही मालिका जिंकणारीही ती पहिली स्त्री.

इथपर्यंत ऐकून वाटेल की आता हिचा रस्ता मोकळा झाला. नाही झाला. आणि इथेच आपल्या नववीतल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

आपली समजूत अशी, की चांगल्या खेळाडूला टीम पगार देऊन घेते. क्रिकेटमध्ये तसंच असतं. पण मोटार शर्यतीच्या खालच्या पायऱ्यांवर उलटं असतं. तिथे ड्रायव्हर टीमला पैसे देतो. गाडी टीमची, मेकॅनिक टीमचे, इंजिन भाड्याचं, टायर दर शर्यतीला नवे, गाडी या देशातून त्या देशात ट्रकने न्यायची. गाडी ठोकली तर दुरुस्तीचं बिलही बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच खात्यात. फॉर्म्युला थ्रीच्या एका मोसमाला साधारण दहा लाख युरो किंवा त्याहून जास्त लागतात. आपल्या हिशोबात कित्येक कोटी रुपये, एका वर्षाचे. फॉर्म्युला टूला त्याच्या दुपटीहून अधिक.

हे पैसे कुठून येतात? काहींच्या घरातच असतात. काहींना प्रायोजक मिळतात, म्हणजे गाडीवर ज्यांचं नाव लिहायचं त्या कंपन्या. काही मोजक्यांना फॉर्म्युला वनच्या टीम लहानपणीच दत्तक घेतल्यासारखं घेतात. आणि प्रायोजक कुणाला मिळतो? जो पुढे जाईल असं वाटतं त्याला. आजवर मुली पुढे गेलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून मुलीवर पैसे लावायला लोक कचरतात. पैसे नाहीत म्हणून चांगली टीम मिळत नाही. चांगली टीम नाही म्हणून नंबर येत नाही. आणि नंबर नाही म्हणून पुन्हा लोक म्हणतात, बघा, मुलींना जमत नाही. मैत्रिणींनो, ही वर्तुळाकार गोष्ट आपल्याला नवी नाही. बचत गटातल्या बाईला पूर्वी बँक म्हणायची, आधी व्यवहार दाखवा मग कर्ज देऊ. आणि कर्जाशिवाय व्यवहार उभा कसा राहायचा?

हे वर्तुळ तोडायला २०१९ मध्ये एक प्रयोग झाला. डब्ल्यू सिरीज नावाची फक्त स्त्रियांची मालिका सुरू झाली. तिची दोन वैशिष्ट्यं होती. एक, ड्रायव्हरला एक पैसाही भरावा लागत नव्हता, निवड फक्त चाचणीवर. दुसरं, सगळ्यांना एकसारख्या गाड्या, म्हणजे श्रीमंत टीम आणि गरीब टीम हा भेदच नाही. विजेतीला पाच लाख डॉलर, तेव्हाच्या हिशोबाने साडेतीन कोटी रुपयांच्या आसपास. पहिल्याच वर्षी जेमी जिंकली. २०२० मध्ये करोनामुळे ती मालिका झाली नाही. २०२१ मध्ये जेमी पुन्हा जिंकली, आणि २०२२ मध्ये तिसऱ्यांदा.

या मालिकेवरून वादही झाला. खुद्द काही स्त्री ड्रायव्हरच विरोधात होत्या. जर्मनीची सोफिया फ्लोर्श म्हणाली, अडचण खरी आहे पण उपाय चुकीचा आहे. मोटार शर्यत हा असा खेळ आहे जिथे स्त्री आणि पुरुष एकाच शर्यतीत उतरू शकतात. मग वेगळी चूल कशाला? हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. याच सोफियाने पुढे २०२३ मध्ये पुरुषांबरोबरच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये गुण मिळवले, आणि त्या मालिकेत गुण मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की वेगळी चूल नसती तर यातल्या बऱ्याच जणी घरीच बसल्या असत्या. गाडीत बसायलाच मिळालं नाही, तर शिकणार कधी?

मला वाटतं, दोन्ही बाजूंचं खरं काय ते जेमीच्याच पुढच्या वर्षांत दिसतं. २०२० मध्ये ती युरोपातल्या एका प्रादेशिक मालिकेत, एका नावाजलेल्या टीमकडून, मुलांबरोबर उतरली. नववी आली. त्याच टीममधली मुलं पुढे होती. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचं कार्टिंग, शेकडो दिवसांचा सराव होता. डब्ल्यू सिरीजमध्ये शर्यती मोजक्याच, पहिल्या वर्षी सहा, आणि सराव त्याहून कमी. फुकट जागा मिळाली हे चांगलंच, पण तेवढ्या जागेने समोरच्याचा दहा वर्षांचा सराव भरून निघत नाही.

आणि गुणांचं काय? डब्ल्यू सिरीज जिंकल्यावर परवान्याचे १५ गुण मिळत. दोनदा जिंकलं तर ३०. म्हणजे फॉर्म्युला थ्री एकदा जिंकणाऱ्या मुलाला जेवढे मिळतात तेवढेच. ४० चा आकडा लांबच राहतो. त्यात मागच्या किताबाचं बक्षीस पुढच्या पायरीच्या फीला पुरेना. एका मालिकेची तीनदा विजेती, विल्यम्स या फॉर्म्युला वन टीमने ड्रायव्हर म्हणून जोडून घेतलेली, आणि तरीही फॉर्म्युला थ्रीमध्ये पूर्ण मोसमाची जागा तिला मिळाली नाही.

पुढे डब्ल्यू सिरीजचीच आर्थिक गाडी अडली. २०२२ च्या शेवटच्या शर्यती पैशाअभावी रद्द झाल्या, आणि २०२३ मध्ये कंपनी बुडाली. ज्या शिडीवर मुली चढत होत्या, ती शिडीच काढून घेतल्यासारखं झालं.

जेमीने काय केलं? ती अमेरिकेला गेली. तिकडे इंडीकार ही मोठी मालिका आहे आणि तिच्या खालची पायरी म्हणजे इंडी एनएक्सटी. तिथे तिला प्रायोजकही मिळाला आणि अँड्रेटी ही मोठी टीमही. पण नवा देश, नवे ट्रॅक, जड गाडी. २०२३ मध्ये ती बारावी आली. आपल्याकडे एका वर्षात निकाल दिसला नाही की म्हणतात, पुरे झालं आता. तिला दुसरं वर्ष मिळालं. जून २०२४ मध्ये रोड अमेरिका नावाच्या साडेसहा किलोमीटरच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर तिने सगळ्यांत पुढून सुरुवात केली आणि शर्यत जिंकली. अशा वळणांच्या ट्रॅकवर त्या मालिकेत जिंकणारी ती पहिली स्त्री. त्या वर्षी ती एकूण सातवी आली. एकाच गाडीत, त्याच टीमबरोबर दुसरं वर्ष मिळाल्यावर काय फरक पडतो, ते यातून दिसतं. २०२५ मध्ये ती युरोपात परतली, लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे. बार्सिलोनातली पहिलीच शर्यत तिच्या टीमने जिंकली. म्हणजे छप्पर असलेल्या गाड्यांकडे ती पुन्हा आली, पण यावेळी नावारूपाला आलेली ड्रायव्हर म्हणून.

फॉर्म्युला वनला ती पोहोचली नाही. म्हणून ती अपयशी का? तसं म्हणायचं तर बहुतेक सगळेच अपयशी ठरतील. फॉर्म्युला वनमध्ये जागा वीस-बावीसच. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला घ्या. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर इथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्या मालिकेत त्याने चार मोसम काढले, तरी फॉर्म्युला वनची जागा त्यालाही मिळाली नाही. तो फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांकडे गेला. वाट मुलांनाही अरुंदच आहे. फरक इतकाच, की मुलं त्या वाटेवर शेकड्यांनी निघतात आणि मुली बोटांवर मोजण्याइतक्या. शंभरातून एक वर जाणार असेल, तर निघणाऱ्या शंभरांत मुली किती होत्या, हे आधी विचारायला हवं.

ताकदीचं काय, असंही कुणी विचारेल. या गाड्या चालवणं कष्टाचं आहे, हे खरं. वळणावर मानेवर जोर येतो, ब्रेक पायाने जोरात दाबावा लागतो, आणि फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टूच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं. त्यासाठी मुली व्यायाम करतात, मुलंही करतात. पण ताकदीच्या अडचणीवर तोडगाही निघतो. या दोन्ही मालिकांच्या नव्या गाड्या आखताना स्टिअरिंगला लागणारा जोर कमी राहील, याचा विचार केला गेला. साधन बनवताना कुणाचं माप धरलं, हाही प्रश्न असतो. विळा, खुरपं, शिलाई मशीन वापरणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आणि इतिहास असा, की स्त्रिया तिथे पोहोचल्या होत्या. इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिप्पिस १९५८ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरल्या. इटलीच्याच लेला लोम्बार्दी १९७५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत सहाव्या आल्या. ती शर्यत मध्येच थांबवल्यामुळे गुण निम्मे दिले गेले, म्हणून त्यांच्या नावावर अर्धा गुण आहे. १९७६ मध्ये त्या शेवटच्या धावल्या. तेव्हापासून आजपर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकही स्त्री सुरुवातीच्या रांगेत उभी राहिलेली नाही. अर्ध्या गुणावर गोष्ट थांबलेली आहे.

आता २०२३ पासून एफ-वन अकॅडमी नावाची मुलींची नवी मालिका चालते. सूझी वोल्फ या माजी ड्रायव्हर तिच्या प्रमुख आहेत. गाड्या फॉर्म्युला फोरच्या, म्हणजे शिडीच्या खालच्या टोकाला. पहिल्या तीन वर्षांत मार्ता गार्सिया, ॲबी पुलिंग आणि डोरियान पँ या विजेत्या झाल्या. वरून हात देण्यापेक्षा खालून संख्या वाढवायची, असा विचार यामागे दिसतो. जेमीनेही इंग्लंडमध्ये लहान मुलींसाठी कार्टिंगची मालिका सुरू केली आहे, तीही याच विचाराने.

आपल्याकडे कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय पातळीच्या शर्यती झाल्या आहेत. खेळ महाग आहे, ते मी लपवणार नाही. प्रत्येक घराला तो परवडेल असंही म्हणणार नाही. पण ज्या घराला मुलाला तिथे न्यायला परवडतं, त्या घरात बहिणीलाही एकदा हेल्मेट घालून बसवायला काय हरकत आहे? जेमी भावाच्या मागेच तर गेली होती. तिच्या घरच्यांनी त्या दिवशी "तू बघत उभी राहा" म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तर नववीतल्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं. नियम नाही. गाडीला ठाऊक नसतं आत कोण बसलंय. ते ठाऊक असतं पैसे लावणाऱ्याला, निवड करणाऱ्याला, आणि त्याच्याही आधी घरातल्या माणसांना. टीव्हीवर तुला मुलगी दिसली नाही, कारण ती दहा-पंधरा वर्षांपूर्वी कार्टच्या ट्रॅकवर फारशी नव्हती. आज ज्या मुली तिथे आहेत, त्या मोठ्या झाल्या की काय होतं ते तू बघशीलच. तोवर शर्यत लागली की भावाशेजारी बैस आणि रिमोट आपल्या हातात ठेव.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.